पाच लाखांचं कार्ड आणि बाराशेच्या गोळ्या

आत्याचं आयुष्मान कार्ड गेल्या वर्षी निघालं. वय ७३, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला वगैरे काही लागलं नाही. सत्तरी गाठलेल्या सगळ्यांनाच ते मिळतं. अंगठ्याचा ठसा उमटेना म्हणून शिबिराला तिला दोनदा जावं लागलं. आता ते कार्ड लॅमिनेट होऊन रेशनकार्ड आणि पासबुकाशेजारी पत्र्याच्या डब्यात आहे. दिवाळीला गेलो तेव्हा तिने डबा उघडून ते माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, “पाच लाखांचं आहे म्हणतात ना हे? मग गोळ्यांचे बाराशे दर महिन्याला मीच का भरते रे?”

तिला बीपी आहे, शुगर आहे. गोळ्या रोजच्या आणि आयुष्यभराच्या.

मला तिला धड उत्तर देता आलं नाही. दोन वाक्यांत सांगून संपेल असं ते उत्तर नव्हतंच. विमा चांगला की सरकारी दवाखाना, सगळं मोफत असावं की गरिबांपुरतं, कार्ड दोन लाखांचं की पाच लाखांचं, असे आरोग्यव्यवस्थेच्या सुधारणेवरचे वाद आपण रोज ऐकतो. ते सगळे फिरून तिच्या या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात. म्हणून हा लेख तिला समोर बसवून लिहितो आहे.

## आजारपणाचा पैसा येतो कुठून?

दवाखान्याचं बिल भरायच्या वाटा तीन. सरकार करातून भरतं, विमा भरतो, नाहीतर आपण खिशात हात घालतो. या तिसऱ्या वाटेला ‘खिशातला खर्च’ म्हणतात. तपासणीची फी, गोळ्या, लॅबचं बिल, खोलीचं भाडं, जे ज्या वेळी लागलं ते त्याच वेळी घरच्यांनी भरलं, की तो खिशातला खर्च.

आपल्या देशात २०१३-१४ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ६४ टक्के खर्च असा खिशातून होत होता. सरकारी हिशेबानुसार २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. पण तिच्यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे, आणि वादाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हे आकडे बऱ्याच अंशी घरोघर जाऊन केलेल्या पाहणीवर उभे असतात. एखाद्या घरात पैशाअभावी उपचारच टाळले, तर त्या घराचा खिशातला खर्च शून्य दिसतो. कागदावर ते घर सुखी. घट खरी मानली तरी शंभरातले चाळीस रुपये अजून खिशातूनच जातात, आणि ते नेमके आजारपणाच्या दिवसांत जातात, जेव्हा घरातली कमाई थांबलेली असते.

विम्याची कल्पना आपल्याला नवी नाही. गावात कुणाचं घर जळलं तर प्रत्येक घरातून पायलीभर धान्य, दोन वासे, चार पेंढ्या गोळा व्हायच्या. कुणाचं घर जळेल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून सगळे थोडंथोडं देतात. विमा म्हणजे हीच वर्गणी, फक्त आगीच्या आधी गोळा केलेली. मात्र ती चालते ती सगळ्यांनी दिली तरच. ज्यांच्या घराला धग लागलीय तेवढेच वर्गणीत आले, तर प्रत्येकाचा वाटा इतका वाढतो की उरलेलेही पळतात. खासगी विम्यात साठीनंतर हप्ता का उसळतो, याचं एक कारण यात आहे. तरुण, धडधाकट माणसं बाहेर राहतात आणि आत उरतात ते बहुतेक गरजू. २०२५ च्या जानेवारीत विमा नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपन्यांनी आधी आपल्याशी सल्लामसलत करावी अशी अट घातली, ती याच दुखण्यावरची मलमपट्टी होती.

## बोनेट उघडल्यावर आपण गप्प का होतो?

“आपला पैसा, आपण बघू, बाजारात स्पर्धा असली की दर आपोआप उतरतील,” असं पुष्कळांना वाटतं. भाजीच्या बाबतीत ते बरोबरही आहे. गवार जून दिसली तर आपण पुढच्या पाटीकडे जातो.

आता महामार्गावर गाडी बंद पडलीय असं समजा. मेकॅनिक बोनेट उघडतो, आत बघतो आणि म्हणतो, “पंप गेला. बदलायला लागेल.” पंप खरंच गेलाय का, हे आपल्याला कळत नाही. दुसरा मेकॅनिक वीस किलोमीटरवर. आपण मान डोलावतो. दवाखान्यात याहून वाईट अवस्था असते, कारण बिघडलेली वस्तू म्हणजे आपला माणूस असतो. काय बिघडलंय हे सांगणारा आणि ते दुरुस्त करून पैसे घेणारा एकच. केनेथ ॲरो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हे नेमकं मांडलं होतं: रुग्णाला मालाची पारख नसते, म्हणून आरोग्याचा बाजार बाकीच्या बाजारांसारखा वागत नाही.

बहुतेक डॉक्टर प्रामाणिकपणेच सांगतात, यात मला शंका नाही. पण पारख नसलेल्या माणसाचं काय होऊ शकतं, हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीच्या दिवसांत कामाला खाडा झाला की मजुरी बुडते, मुकादमाची उचल अंगावर असते, आणि पोट दुखतं म्हणून गेलं की “पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल” असं ऐकायला मिळतं. विशी-तिशीतल्या बायका टेबलावर गेल्या. त्यांना दुसरा दवाखाना निवडायचं स्वातंत्र्य होतंच की. पण कोणत्या आधारावर निवडायचा?

## बाकीच्यांनी काय केलं?

जर्मनीने १८८३ मध्ये कामगारांसाठी सक्तीचा आजारपण-विमा आणला. पगारातून थोडं कामगाराचं कापायचं, थोडं मालकाने घालायचं. ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून वेगळी वाट धरली: करातून पैसा, बहुतेक रुग्णालयं सरकारची, दारात पैसे मागायचे नाहीत.

आपल्याला जवळचं उदाहरण थायलंडचं आहे. २००१ मध्ये त्यांनी ‘३० बाट’ योजना सुरू केली. एका भेटीचे ३० बाट द्यायचे, मग साध्या तापापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं त्यात आलं. पैसा सरकारी तिजोरीतून. माणसाने आपल्या भागातल्या रुग्णालयात नाव नोंदवायचं आणि ओपीडीसाठी त्या रुग्णालयाला माणशी ठरावीक रक्कम वर्षाला मिळायची. माणूस आजारी पडो वा न पडो, रक्कम तीच, म्हणजे त्याला बरं ठेवण्यात रुग्णालयाचाही फायदा. या योजनेचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र वगळली जाते. थायलंडने त्याआधीच, विशेषतः १९८० च्या दशकात, शहरांकडचा पैसा वळवून तालुक्या-तालुक्यांत रुग्णालयं बांधली होती. आधी दवाखाना उभा राहिला, मग कार्ड आलं.

आपल्याकडे यातलं सगळंच थोडंथोडं आहे. कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने आलेला राज्य विमा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. केंद्र सरकारच्या नोकरदाराला वेगळी योजना. गरिबाला आयुष्मान, मध्यमवर्गाला खासगी पॉलिसी, आणि सगळ्यांना नावापुरतं सिव्हिल हॉस्पिटल. एका वाड्यात पाच चुली. त्यात राज्यघटनेने रुग्णालयं आणि सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यांकडे दिलाय, तर मोठ्या योजना दिल्लीत ठरतात. त्यामुळे काही बिघडलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

## नाशिकच्या माणसाने आखलेला नकाशा

आपल्याकडे नकाशा कधी नव्हताच असं नाही. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. भोर जन्माने नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. १९४६ मध्ये समितीने अहवाल दिला आणि त्यातलं मूळ तत्त्व एका ओळीत मावण्यासारखं आहे: पैसे नाहीत या कारणाने कुणीही योग्य उपचारांवाचून राहता कामा नये.

समितीने दूरचा पल्ला सांगितला होता तो दर १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचं रुग्णालय. तोवर तात्पुरती सोय म्हणून दर ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आज, जवळपास ऐंशी वर्षांनी, आपला सरकारी निकष सपाट भागात ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र असा आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात हेच आकडे २० हजार आणि ३ हजार. म्हणजे भोर समितीने ‘सध्यापुरतं’ म्हणून जे सांगितलं होतं, त्याच्याच थोडं पुढे आपण आहोत. ७५ खाटा तर सोडाच, केंद्रात डॉक्टर असेल का, असला तर औषध असेल का, इथून आपली सुरुवात होते.

## कार्ड म्हणजे थाळीचं कुपन

आता आत्याच्या कार्डाकडे येऊ.

प्रधानमंत्री जनआरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीतून सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, देशातल्या तळच्या सुमारे ४० टक्के लोकांसाठी. बहुतेक राज्यांत खर्चात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यात सत्तर वर्षांवरचे सगळे आले. महाराष्ट्रात ही वाट आधीच पडली होती. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. तिची दीड लाखांची मर्यादा पाच लाखांवर गेली आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डाची अट जाऊन १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली.

या योजनेत सरकार रुग्णालय चालवत नाही, उपचार विकत घेतं. सरकारी आणि खासगी रुग्णालयांशी करार होतो. अशा करारातल्या रुग्णालयाला ‘अंगीकृत’ म्हणतात. तिथे दारात आरोग्यमित्र बसलेला असतो, तो कागद बघतो, पूर्वमंजुरी मागवतो. आणि प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो, त्याला म्हणतात पॅकेज.

पॅकेज म्हणजे थाळी. खानावळीत थाळीचा दर एक. तुम्ही दोन पोळ्या खा की पाच, मालकाला तेवढेच मिळणार. याचा फायदा असा की बिल फुगत नाही. तोटा असा की दर परवडेनासा झाला की मालक वाटी लहान करतो, नाहीतर थाळीवाल्यांना “आज थाळी संपली” म्हणून सांगतो. “योजनेतल्या खाटा भरल्यात” हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या एका मित्राच्या वडिलांचं ऑपरेशन योजनेत झालं, पण “हे योजनेत बसत नाही” म्हणून वरून पैसे घेतले गेले, पावती न देता. असं मागणं नियमात बसत नाही, पण रात्री अकरा वाजता ऑपरेशन थिएटरच्या दारात नियम सांगायची हिंमत कोण करणार?

डॉक्टरांची बाजूही खरी आहे. कित्येक पॅकेजचे दर प्रत्यक्ष खर्चाहून कमी पडतात आणि सरकारकडून पैसे यायला महिनोन्महिने लागतात. मोठं कॉर्पोरेट रुग्णालय ते सोसतं किंवा योजनेत येतच नाही. मरण होतं तालुक्याच्या वीस खाटांच्या नर्सिंग होमचं. नर्सचा पगार त्याला एक तारखेलाच द्यावा लागतो.

देखरेखीचा प्रश्नही आहेच. २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की या योजनेतले जवळपास साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरशी जोडलेले होते, आणि तो नंबर होता दहा वेळा ९.

एवढं असूनही मी या कार्डाला नावं ठेवणार नाही. हृदयाची झडप, कॅन्सरची केमो, लहान मुलाच्या जन्मतः असलेल्या दोषावरची शस्त्रक्रिया, या गोष्टींसाठी ज्यांनी पूर्वी जमीन विकली असती अशी कितीतरी घरं या योजनेने वाचवली आहेत. त्या घरांसमोर उभं राहून “विमा ही धूळफेक आहे” असं म्हणायची माझी तयारी नाही.

## मग गोळ्या का नाहीत?

कारण कार्ड चालतं ते भरती झाल्यावर. भरती होण्याआधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस यांचा औषध-तपासण्यांचा खर्च त्यात येतो. एरवीची ओपीडी, म्हणजे भरती न होता डॉक्टरला दाखवून गोळ्या घेऊन घरी येणं, त्यात येत नाही. आत्या आयुष्यात फार तर दोन-चारदा भरती होईल. गोळी तिला रोज लागते.

दर महिन्याच्या बाराशेचे वर्षाला १४,४०० होतात. तिच्यासारखी बाई काय करते? महिनाअखेरीला एक दिवसाआड गोळी घेते. “बरं वाटतंय, आता कशाला” म्हणून मध्येच बंद करते. बीपी आतल्या आत वाढत राहतं, त्याचा आवाज होत नाही. मग एक दिवस न्हाणीघरात ती पडते, अर्धं अंग लुळं पडतं, आणि त्या क्षणी पाच लाखांचं कार्ड जागं होतं. आयसीयू, सीटी स्कॅन, सगळं मिळेल. डिस्चार्जनंतर पंधरा दिवस गोळ्यासुद्धा मिळतील! मग सोळाव्या दिवसापासून पुन्हा स्वतःच्या पैशाने.

मला या वादात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते. बीपीची साधी गोळी सरकारी घाऊक खरेदीत एका रुपयाच्या आत मिळते. शुगरच्या साध्या गोळीचंही तेच. ती गोळी गावात पोहोचवायला आपल्याकडे धड व्यवस्था नाही, पण ती न घेतल्याने होणाऱ्या झटक्याचे लाखभर रुपये भरायला आहे. कडेलोटाच्या खाली रुग्णवाहिका उभी केलीय आणि वर कठडा बांधायचा राहिलाय.

कागदावर कठडाही आहे, हे सांगायला हवं. आयुष्मान भारतचा दुसरा अर्धा भाग म्हणजे उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं सुधारून दीड लाख ‘आरोग्य व कल्याण केंद्रं’ करणं. त्यांना आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असावा, त्याने तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी-शुगर तपासावं, गोळ्या मोफत द्याव्यात, अशी रचना आहे. आराखडा उत्तम आहे. पण पाच लाखांच्या कार्डाचे फलक चौकाचौकात लागतात. उपकेंद्रात या महिन्याच्या गोळ्या आल्या, याचा फलक मी अजून पाहिलेला नाही.

## “सरकारी दवाखाना सुधारणारच नाही”

हा आक्षेप सगळ्यात जोरात येतो आणि तो अनुभवातून येतो. केसपेपरला रांग, डॉक्टरांची जागा रिकामी, आणि शेवटी हातात चिठ्ठी: “हे बाहेरून आणा.” ती चिठ्ठी मीही घेऊन पळालोय. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात सरकारी रुग्णालयात भरती झालेल्याला एका वेळेला सरासरी सुमारे ४,३०० रुपये खर्च आला होता आणि खासगीत सुमारे २७,००० रुपये. इतका फरक असून माणसं खासगीत जातात, याचा अर्थ त्यांना सरकारी दवाखान्याचा भरवसा वाटत नाही.

पण ‘सुधारणारच नाही’ हे चूक आहे. औषधांचंच बघा. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. राज्यभराची खरेदी एकत्र करायची म्हणजे दर पडतो, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं ठेवायची, आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक द्यायचं. दवाखाना आपल्या खात्यातून लागेल तसा माल उचलतो, ज्याचा खप तेच येतं. यात रॉकेटविद्या काही नाही, किराणा दुकानदार हेच करतो. राजस्थानने तोच धडा घेऊन २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्रात मात्र आधी जिथल्या तिथे खरेदी, २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे, मग २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा, असा प्रवास झाला. दर वेळी घडी बसेपर्यंत घडी मोडली आणि मधल्या काळात रुग्णाच्या हातात चिठ्ठी आली.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, केसपेपरचे पैसेसुद्धा काढून टाकले. निर्णय मोठा होता. पण केसपेपर मोफत आणि औषध बाहेरून, असं झालं तर वाचले ते फक्त केसपेपरचे पैसे.

## “फुकट दिलं की गर्दी होईल, आणि पैसा आणायचा कुठून?”

गर्दीचं आधी सांगतो. दवाखाना म्हणजे जत्रेतला पाळणा नव्हे. मोफत आहे म्हणून कुणी गुडघा बदलून घेत नाही. शिवाय गरिबाला ‘मोफत’ उपचाराचीही किंमत पडतेच: एसटीचं भाडं, बुडालेला रोज, सोबत आलेल्या माणसाचा बुडालेला रोज. पहिल्या वर्षी गर्दी वाढते, हे खरं. पण ती बहुतेक आजवर अंगावर काढणाऱ्यांची असते.

पैशाचा प्रश्न खरा आहे. २०२१-२२ मध्ये केंद्र आणि राज्यं मिळून सरकारने आरोग्यावर केलेला खर्च देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. शंभर रुपयांतला एक रुपया चौऱ्याऐंशी पैसे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच रुपयांवर जायचं ठरलं होतं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेसाठी ९,४०६ कोटी ठेवले. योजनेतल्या सुमारे ५५ कोटी लोकांनी भागून बघा, माणशी वर्षाला १७१ रुपये. राज्याचा वाटा वेगळा, तरीही आकडा छोटाच. ‘पाच लाख’ हा शब्द मोठा आहे. त्यामागची रक्कम मोठी नाही.

आणि “करातून नको, करदात्यावर बोजा” म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की आत्याही करदाती आहे. साबण, पावडर, मोबाइलचं रिचार्ज, सगळ्यांवर ती जीएसटी भरते. शिवाय बोजा आजही आहेच, फक्त आज तो आजारी माणसाच्या एकट्याच्या डोक्यावर आहे.

## “पॉलिसीवरचा जीएसटी गेला की!”

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. चांगलं झालं. ज्याला पॉलिसी परवडते त्याला थोडी आणखी परवडेल, आणि काढता येत असेल तर काढावीच, तरुणपणी काढावी. पण वीस हजारांचा हप्ता ज्याच्या आवाक्याबाहेर आहे त्याला कर काढल्याने तो आवाक्यात येत नाही. २०२१ मध्ये निती आयोगाने म्हटलं होतं की देशातले जवळपास ४० कोटी लोक अधांतरी आहेत: सरकारी योजनेत बसण्याइतके गरीब नाहीत, पॉलिसी घेण्याइतके सुस्थितीतले नाहीत. रिक्षावाला, शिकवणी घेणारी बाई, छोटा दुकानदार. महाराष्ट्राने योजना सगळ्यांना खुली करून निदान कागदावर ही फट बुजवली, हे बऱ्याच राज्यांच्या पुढचं पाऊल आहे.

## “खासगी डॉक्टरांनी काय धर्मादाय काढलाय का?”

१९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार. एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात, सगळीकडे “खाट नाही.” शेवटी खासगीत उपचार झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क नाकारणं, आणि सरकारने त्याला २५,००० रुपये भरपाई द्यावी. पैशाचं कारण सांगून सरकारला हात झटकता येणार नाहीत, असंही न्यायालयाने सांगितलं.

हा हक्क खासगी रुग्णालयांनाही लागू करायचा का, यावर राजस्थानात रण पेटलं. २१ मार्च २०२३ ला तिथल्या विधानसभेने आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला, देशातला पहिला. तातडीच्या वेळी आगाऊ पैसे न मागता उपचार करा, रुग्णाने नाही भरले तर सरकार देईल, हा गाभा. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. ‘तातडीचं’ म्हणजे काय? सरकार देणार कधी? ठरलेल्या दराने की मनाला येईल तसं? अखेर ४ एप्रिलला तडजोड झाली आणि सरकारकडून जमीन वा सवलत न घेतलेली खासगी रुग्णालयं कायद्याबाहेर राहिली.

डॉक्टरांचे प्रश्न मला रास्त वाटतात. अपघातात सापडलेल्या माणसाला डिपॉझिटसाठी थांबवू नये, ही मागणी त्याहून रास्त वाटते. दोन्ही एकदम मान्य करता येतात, सरकारने पंधरा दिवसांत पैसे चुकते केले तर. आज खासगी डॉक्टर सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही आणि रुग्ण खासगीच्या बिलावर. महाराष्ट्रात २०२१ च्या जानेवारीत शुश्रूषागृहांच्या नियमांत बदल झाला: रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य दर दर्शनी भागात लावायचे. पुढच्या वेळी नर्सिंग होममध्ये गेलात तर भिंतीकडे बघा. नसेल तर विचारा.

आत्याला हे सगळं मी एवढं सविस्तर सांगितलं नाही. तिला घेऊन उपकेंद्रात गेलो. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे पंचविशीतली एक मुलगी. तिने बीपी मोजलं, ते १६० च्या वर होतं. वहीत नाव घातलं, आत्याला ओरडली, “आजी, गोळी चुकवायची नाही हं.” बीपीच्या तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या, एक पैसा न घेता. शुगरच्या संपल्या होत्या. “मागणी टाकलीय,” ती म्हणाली. “मंगळवारी फोन करा.”

मंगळवारी फोन केला. आल्या नव्हत्या. पुढच्या मंगळवारी पुन्हा करणार आहे.